मन बरं ठेवणाऱ्या रोजच्या सवयी : खान्देशात काय टिकतं, काय सुटतं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

बठ्ठासले राम राम.

आनंदी राहायच्या सवयींची यादी हल्ली घरोघरी फोनवर येऊन पडते. पहाटे पाचला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, बागेत फिरा, डायरी लिहा, ध्यान करा. यादीत खोटं काही नाही. पण मे महिन्यात भुसावळला रात्री बारापर्यंत भिंतीला हात लावता येत नाही, शेताची वीज रात्रीच्या पाळीत असली की माणूस एक वाजता विहिरीवर असतो, हे यादी करणाऱ्याच्या गावीही नसतं. त्यामुळे ती चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी "आपल्यात चिकाटीच नाही" एवढं वाटणं मागे ठेवून जाते. आपल्या हवेत, आपल्या दिनक्रमात बसेल तेवढंच इथे लिहू या. ज्याला जे नीट माहीत आहे त्यानं ते मापासकट लिहावं.

सुरुवात मी करतो. सवयीला घड्याळ नको, खुंटा हवा. "रोज सकाळी दहा मिनिटं चालीन" हे सुटतं, कारण सकाळ केव्हाची? "दूध उतरवलं की चप्पल घालीन" हे टिकतं, कारण दूध रोज तापतंच. गाडी स्टँडला लावली की, देवाचा दिवा लागला की, जेवणाची ताटं उचलली की, असं आधीपासून होणारं एक काम धरा आणि नवी गोष्ट त्याच्या शेपटाला बांधा. नवी गोष्टही सुरुवातीला दोन मिनिटांचीच ठेवा.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. ते १९६० सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून पसरलेलं आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसातला फरक १८ ते २५४ दिवस इतका होता. त्यातलीच कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडलं नाही. म्हणून एका वेळी एकच सवय, आणि तिला दहा आठवडे द्या. पोळ्याला सुरू केली तर दिवाळीच्या आसपास ती आपली झाली असं समजा.

दुसरं, क्रम. आधी झोप, मग उजेड, मग हालचाल, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी मनाचे व्यायाम. बहुतेकजण उलटीकडून चढतात. पाच तास झोपलेल्या माणसाला सकारात्मक विचार करायला सांगणं म्हणजे पाणी न सोडता रोपाला खत घालणं.

उजेडाचं सांगून थांबतो. घरात ट्यूबलाइटखाली साधारण १०० ते ३०० लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, आणि सकाळी बाहेर सावलीत बसलं तरी काही हजार मिळतो. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण शरीरातल्या घड्याळाला जाणवतो. हा सकाळचा उजेड रात्रीच्या झोपेची वेळ ठरवतो. जूनमध्ये आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात. उन्हाळ्यात साडेसातच्या आत १५ मिनिटं पुरतात, हिवाळ्यात २५-३० घ्या. सूर्याकडे टक लावायचं नाही आणि काचेच्या खिडकीमागं बसायचं नाही. चहाचा कप घेऊन ओट्यावर जा, झालं.

---

पांझरेचा_पूर

उत्तम धागा, नाना. चालण्याबद्दल थोडी भर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, म्हणजे रोजची बावीस मिनिटं. वेग किती? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. धुळ्यात पांझरेचा काठ, जळगावात मेहरूण तलाव, अमळनेरला बोरीचा काठ, जागेची उणीव नाही. चुकतं ते वेळेचं. एप्रिल-मे मध्ये सकाळचे नऊ म्हणजे उशीर. सकाळी १२ आणि दिवस मावळल्यावर १० मिनिटं असे तुकडे केले तरी हिशोब तोच.

आणि एक. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला, केळीचे घड वाहणाऱ्या माणसाला "चाला" सांगू नका. त्यांची हालचाल झालेली असते, त्यांना पाठ टेकवणं हाच व्यायाम. पाय भिंतीला उंच लावून दहा मिनिटं पडावं.

---

धाबं_आणि_गच्ची

झोपेवर लिहितो, कारण आपल्याकडे मार्च ते जून चिडचिडीचं मूळ तिथेच असतं.

जुन्या धाब्याच्या घरात वर मातीचा जाड थर असायचा, ऊन खोलीत उतरायला रात्र व्हायची आणि तोवर बाहेर गार असायचं. आता वर सिमेंटचा स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओकत राहतो. त्यामुळे पहिलं काम गच्चीवर. मार्चमध्ये डिंक मिसळलेल्या चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, म्हणजे सातच्या सुमारास, चार-पाच बादल्या शिंपडा. चारला शिंपडलं तर पाणी दहा मिनिटांत उडतं आणि पुढचे अडीच तास ऊन पुन्हा खातंच. टँकरचं गाव असेल तर हे सोडून द्या, चुन्यावरच भर द्या.

कूलरबद्दल तर निम्मं गाव चुकतं. कूलर खोलीत मधोमध ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या की तो तीच ओली हवा फिरवतो. अर्ध्या तासात अंग चिकट होतं आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा, ओली हवा तिथून निघून गेली पाहिजे. पंप पंख्याच्या दहा मिनिटं आधी सुरू करा, म्हणजे ताट्या भिजलेल्या असतात. बोअरचं पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरा क्षार चढतो आणि हवा अडते. आठवड्याला टाकी पूर्ण उपसा, घासा, वाळवा. डासांची अंडी त्याच दिवशी जातात, डेंग्यूसाठीही हे करायचंच असतं. जुलैत हवा दमट झाली की पंप बंद, नुसता पंखा.

फोमची गादी उष्णता धरून ठेवते. उन्हाळ्यापुरती ती उभी करून ठेवा आणि गोधडी किंवा सुती सतरंजीवर झोपा. गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी, आणि पहाटेची पातळ चादर उशाशीच हवी. थंडीनं चारला जाग आली की पुढची झोप गेलीच.

झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं आंघोळ करा. थंडगार नको. कोमट पाण्यानं कातडीकडचं रक्त वाढतं, शरीर उष्णता बाहेर टाकतं आणि झोप लवकर लागते.

उठायची वेळ मात्र रोज एकच. रात्री कितीही वाजता झोपलात तरी. दुपारची झोप आपल्या हवेत गरजेची आहे, तिला नावं ठेवणाऱ्यानं एकदा मे महिन्यात चोपड्याला येऊन बघावं. पण ती एक ते तीनच्या मधे आणि गजर लावून २५ मिनिटं. दोन तास झोपलात तर ते दोन तास रात्रीच्या खात्यातून वळते होतात.

---

शेव_जास्त_घाला

चहाचं काय, भाऊ? संध्याकाळी सहाचा चहा सुटत नाही.

---

धाबं_आणि_गच्ची

चहातलं कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाला प्यालेल्याचं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. चारनंतरचा चहा थांबवा, नाहीच जमलं तर निम्मा कप. सहाच्या कपाची सवय चहापेक्षा सोबतीची असते, म्हणून त्या वेळी गवती चहा-आल्याचा काढा, ताक, काहीही कपात असू द्या. कपाची वेळ मोडू नका.

आणि तुमच्या नावावरून सांगतो, शेवभाजीची तर्री रात्री दहाला खाऊन साडेदहाला आडवं झालं की आंबट ढेकर आणि छातीत जळजळ ठरलेली. अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा, किंवा शेवभाजी दुपारी करा. दारूचंही इथेच सांगतो. तिनं डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतरची झोप तुकड्यातुकड्यांची होते आणि दुसऱ्या दिवशीचा उदासपणा त्यातून येतो.

अंथरुणात २० मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून बसा, मंद दिव्यात. घड्याळ बघायचं नाही, २० मिनिटं अंदाजानंच. डोळे जड झाले की परत जा. अंथरूण म्हणजे तळमळायची जागा अशी गाठ मनात बसली असेल तर ती याच पद्धतीनं सुटते.

---

पाळी_क्रमांक_तीन

हे सगळं दिवसाच्या माणसांसाठी झालं. रेल्वे, पोलीस, दवाखाना, मिल, इथे रात्रपाळी असलेल्यांनी काय करायचं? पाळी दर आठवड्याला बदलते.

---

गिरणाकाठ

तुमच्यासाठी "उठायची वेळ एकच" हा नियम लागू नाही. त्याऐवजी झोपेचा एक चार तासांचा गाभा धरा, जो रात्रपाळीच्या आणि सुटीच्या दिवशी साधारण त्याच वेळी पडेल. समजा सकाळी आठ ते बारा. रात्रपाळीत हे चार तास आणि दुपारी अजून अडीच-तीन, सुटीच्या दिवशी उशिरा झोपून निदान दहापर्यंत. तंतोतंत जमत नाही, पण जितकं जवळ ठेवाल तितकं डोकं कमी जड होतं.

पाळी सुटल्यावर घरी येताना काळा चष्मा लावा, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदू म्हणतो दिवस उजाडला. एक मात्र बघा, डोळ्यावर झापड असेल तर आधी तिथेच वीस मिनिटं डुलकी घ्या, मग गाडीला किक मारा. खिडकीला जाड काळं कापड, दारावर पाटी, घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर उजेडात काम करा, चहा रात्री दोननंतर नको, मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी घ्या.

खुंटाही घड्याळाचा नको. "बूट काढले की" हा रात्रपाळीवाल्याचा सगळ्यात भक्कम खुंटा आहे.

---

ओसरी

मी वहीबद्दल लिहिते. "रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा" हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बहुतेकांचं ते दुसऱ्या आठवड्यात मरतं. का मरतं ते सांगते.

मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली छापलेल्या प्रयोगात लोकांना एकच आठवडा हे करायला सांगितलं होतं. रोज रात्री, आज बऱ्या झालेल्या तीन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे ती का झाली. सहा महिन्यांनंतरही फरक दिसला, आणि जे आपणहून पुढे लिहीत राहिले त्यांना जास्त. आपल्याकडे येताना यातलं "का झाली" हे गळून पडलं. खरं काम तेच करतं.

नासलेली नोंद अशी दिसते: "कुटुंब. आरोग्य. देवाची कृपा." तीन दिवसांनी हेच शब्द परत, म्हणजे जपमाळ झाली. जिवंत नोंद अशी: "दुपारी वीज गेली तेव्हा शेजारच्या काकू पंखा घेऊन ओट्यावर आल्या, तासभर हसलो. का? कारण मी दार उघडं ठेवलं होतं." दिवस, जागा, माणूस, आणि कारण. कारणात जमेल तिथे आपण केलेली एखादी बारीकशी गोष्ट यावी. दार उघडं ठेवणं, फोन उचलणं, वेळेवर उठणं. महिनाभरानं वही चाळली की आपल्याला नेमकं कशानं बरं वाटतं ते आपल्याच अक्षरात सापडतं, आणि ते बहुधा आपण समजत होतो त्याहून वेगळं निघतं.

दुसरी चूक म्हणजे रोजचा हट्ट. सोंजा ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा झाला नाही. अति केलं की मन बधिर होतं. म्हणून पहिला आठवडा रोज, आणि नंतर आठवड्यातून एकदाच, गावच्या बाजाराच्या दिवशी रात्री. सामान लावून झालं की वही.

दोनशे पानी वही घेऊ नका, ती कोरी पानं दाखवून लाजवते. चाळीस पानी पुरते. किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेची चौकट, जिथे दूध आणि गॅसची नोंद असतेच. चौकटीत पाचच शब्द बसतात, ते बरंच आहे.

---

खडा_सवाल

माफ करा, पण हे सगळं पोट भरलेल्यांचं आहे. कापसाचा भाव पडला, केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला, बँकेचा हप्ता उभा आहे, आणि माणसानं वहीत लिहायचं की काकू पंखा घेऊन आल्या?

---

ओसरी

बरोबर विचारलंत, दादा. वहीनं भाव चढत नाही. ज्या रात्री मन खरंच तुटलेलं आहे त्या रात्री चांगलं शोधायला बसू नये, शोधूनही सापडत नाही आणि वर अपराधी वाटतं. त्या दिवशी वही बंद. तुमच्या प्रश्नाला वेगळं हत्यार लागतं, ते "सहाचा_टोल" यांना चांगलं सांगता येईल.

---

सहाचा_टोल

हत्यार म्हणजे काळजीची नेमलेली वेळ. टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली हे तपासून मांडलं. त्यांनी अर्धा तास ठेवला होता, घरच्या वापराला २० मिनिटं चालतात. पायऱ्या लिहितो, कारण इथे ढिलेपणा केला की उलट परिणाम होतो.

जागा ठरलेली हवी आणि ती अंथरूण नको, जेवायची जागाही नको. गोठ्याजवळचा बाक, जिन्याची पायरी, दुकानाचा गल्ला मिटल्यावरचं स्टूल. वेळ दिवस मावळायच्या आत, साधारण सहा. रात्री नको. कागद उभा दुमडा. डावीकडे "करता येईल", उजवीकडे "हातात नाही". जे डोक्यात येईल ते लिहायचं, सजवायचं नाही.

आता डावीकडच्या ओळी तपासा. "कर्जाचं बघायचं" ही काळजीच आहे, फक्त कागदावर आली. तिचं काम करा: "मंगळवारी ११ वाजता बँक, पासबुक आणि सातबारा न्यायचा, हप्त्याची तारीख पुढे सरकते का विचारायचं." वार, वेळ, जागा, सोबत काय न्यायचं. सीएमव्हीचंही तसंच: "उद्या सकाळी बाग ओळीनं बघायची, पिवळे चट्टे-पट्टे पडलेली झाडं मुळासकट उपटून बागेबाहेर पुरायची, कृषी सहायकाला फोन." रोगावर औषध नाही, पण मावा आटोक्यात ठेवून पसरणं कमी करता येतं. म्हणजे ही ओळ डावीकडची. भाव उजवीकडचा.

उजवीकडची यादी वाचायची आणि कागद दुमडून डब्यात टाकायचा. २० मिनिटं झाली की उठायचं, काळजी संपलेली नसली तरी. रात्री दोनला तीच काळजी आली तर उशाजवळच्या चिठोऱ्यावर एक शब्द, "हप्ता", आणि "उद्या सहाला". मन ऐकतं, कारण उद्या सहाला आपण खरोखर बसणार असतो. दोन दिवस बसला नाहीत की ते ऐकणं बंद करतं.

उठताना पाच मिनिटं श्वास. चार मोजून नाकानं आत, सहा मोजून बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटांत तीस. बोटाच्या पेरांवर मोजा. लोक इथे जोरानं, छाती फुगवून घेतात. मग चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात आणि म्हणतात मला सोसत नाही. श्वास मोठा नको, फक्त हळू. आत घेताना पोट पुढे यावं. रोखून धरायचा नाही, दम्याच्या माणसानं तर नाहीच.

---

खडा_सवाल

डाव्या-उजव्याचं पटलं. शंका मागे घेतो असं नाही, पण कागद दुमडतो.

---

माजघर

सगळ्यांनी छान लिहिलंय. एक बघा, यातल्या निम्म्या सवयी घरातल्या बाईच्या वेळेवर उभ्या आहेत. नाना चहाचा कप घेऊन ओट्यावर जातात, तो चहा कोणी केला?

बायकांसाठी खुंटे भरपूर आहेत, जागा नाही. त्यामुळे नवी सवय जोडायच्या आधी एक काम उतरवावं लागतं. घरात माणसं मोजा, कामं मोजा. एक पूर्ण काम एका माणसाच्या नावावर करा. "मदत" नको. मदतीत आठवण ठेवायचं काम बाईकडेच राहतं. पाणी भरणं पूर्ण त्याचं, म्हणजे नळाची वेळ लक्षात ठेवण्यापासून हंडे पालथे घालण्यापर्यंत. पहिले दोन आठवडे ते काम वाकडंतिकडं होतं. तेव्हा हात घातला की ते परत आपल्या गळ्यात. हंडा अर्धा राहिला तर राहू द्या.

मोकळ्या झालेल्या वीस मिनिटांत काय करायचं ते कोणी सांगू नये. झोपावं, गाणं ऐकावं, नुसतं बसावं. फक्त डाळ निवडत "आराम" करू नये.

हातात काम असताना मन त्याच कामात आणणं हा एक व्यायाम मात्र फुकट होतो. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली छापलेल्या अभ्यासात फोनवरून लोकांना दिवसभरात अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं, आणि तेव्हा लोक कमी सुखी होते, काम कोणतंही असो. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापताना बघा. पिठाला चिकटपणा कमी, कड फाटते, पाण्याचा हात कुठे लागतोय ते बघावंच लागतं. एक भाकरी पूर्ण लक्ष देऊन, बाकीच्या कशाही होऊ देत. रोज एकच.

---

तर्जनी

मोबाईल कोणीच काढला नाही म्हणून मी काढते. थोडक्यात. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर, ओट्याजवळ. गजराला साधं घड्याळ. ग्रुप सगळे मुके, आवाज फक्त फोन आणि पैशाच्या व्यवहाराला. उठल्यावर पहिली ३० मिनिटं पडदा बंद.

शेतकऱ्याच्या घरी हे एका कारणानं फसतं. विहिरीवरचा मोटार स्टार्टर सिमवर चालतो, रात्री लाइट आली की फोन वाजतो, म्हणून फोन उशाशीच लागतो. आणि एकदा हातात आला की अर्धा तास रील. त्यासाठी जुना बटणांचा फोन स्टार्टरला जोडा. स्टार्टरमध्ये नोंदवलेला नंबर बदलावा लागतो, तो मेसेजनं होतो, पुस्तिकेत दिलेलं असतं. उशाशी बटणांचा, मोठा फोन बाहेर.

---

पांझरेचा_पूर

आता माणसं. हार्वर्डचा १९३८ साली सुरू झालेला अभ्यास अजून चालू आहे, आणि उतारवयातल्या तब्येतीशी व समाधानाशी जवळच्या नात्यांचा भक्कम संबंध त्यात दिसला. पण "नाती जपा" ही काही सवय झाली नाही. सवय अशी: गुरुवारी आरती झाली की एका माणसाला दहा मिनिटं फोन. नावांची यादी सहा जणांची, फिरती. सुरुवात "काय चाललंय" नं करू नका, त्याला "निवांत" एवढंच उत्तर येतं. मागच्या वेळचा धागा धरा: "बैलाचा पाय कसा आहे आता?"

अनोळखी माणसाशी बोलणं हेही औषध आहे. शिकागोच्या लोकल गाड्यांत एप्ली आणि श्रोडर यांनी २०१४ साली छापलेल्या प्रयोगात, लोकांना आधी वाटत होतं की शेजारच्याशी बोललो तर प्रवास वाईट जाईल. बोलले त्यांचा चांगला गेला. आपल्याकडे एसटीत तर "कुठले तुम्ही?" हे विचारायला प्रयोग लागत नाही. हल्ली कानात बोळे असतात म्हणून लागतो.

थोडा पैसा दुसऱ्यावर खर्च करणं, हेही २००८ सालच्या डन, अॅकनिन आणि नॉर्टन यांच्या प्रयोगात तपासलं गेलं. रक्कम लहान की मोठी यानं फरक पडला नाही. त्यामुळे दोन कटिंग पुरे.

आणि हिवाळ्यात महिन्याला एक भरीत पार्टी ठेवा, शेतात. आनंदाचं यंत्र म्हणून तिच्याकडे बघा. पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्यांचा जाळ, त्यात हिरवट पांढरी मोठी वांगी, टोचून घेतलेली, नाहीतर फुटतात. एकानं उलथवायची, दोघांनी सोलायची, एकानं मिरच्या-लसूण, एकानं बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायचं, कोणीतरी कांद्याची पात चिरायची. प्रत्येकाच्या हाताला काम आहे आणि कोणालाच एकट्याला पूर्ण करता येत नाही. डबे मागवून केलेल्या पार्टीत हे होत नाही, तिथे माणसं फोन बघत बसतात. दहा माणसांना अडीच-तीन किलो वांगी, सहा जणांना कामं वाटून दिलेली. बाकीचे जाळाभोवती उभे राहून सल्ले देतातच.

---

नाडी

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर हा धागा काही जणांना घातक ठरेल. दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटणं, कशातच गोडी न वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, हे सवयींनी सुटायचं दुखणं नव्हे. तिथे डॉक्टर. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आजच, आणि घरातली फवारणीची औषधं कुलूपबंद, किल्ली दुसऱ्याकडे. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तो विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि हाताशी डबा नसला की वेळ टळते.

सतत थकवा आणि मरगळ असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते कमी असताना वहीत कितीही लिहिलं तरी अंगात जोर येत नाही.

---

शेव_जास्त_घाला

मग सुरू कुठून करायचं? एकदम एवढं कळत नाही. आत्ता मे चालू आहे.

---

गिरणाकाठ

मे आहे ना, मग एकच: झोप. उद्या कूलर खिडकीत, समोरचं दार वीतभर उघडं, फोन ओट्यावर. उठायची वेळ साडेपाच, रोज. पाऊस पडून गारवा आला की जूनअखेर उजेड आणि चालणं जोडा. वही पोळ्यानंतर.

---

ओसरी

आणि वही घ्याल तेव्हा पेन दोऱ्यानं वहीलाच बांधा, घट्ट. शाळेत जाणारी पोरं घरात असली की सुटं पेन तिसऱ्या दिवशी दप्तरात जातं, आणि रात्री पेन शोधताना हातात फोन येतो.